अमृतवेलीची परीक्षा

गुळवेल शोधायला फार लांब जावे लागत नाही. आसनगावला लोकलमधून उतरून शहापूरच्या रस्त्याला लागले की बांधावरच्या आंब्यावर, कुंपणाच्या शेवरीवर, शाळेच्या आवारातल्या कडुनिंबावर ती चढलेली दिसते. हृदयाच्या आकाराची पाने, वरून लोंबणारी दोऱ्यासारखी बारीक मुळे आणि अंगावर कागदासारखी सुटणारी पातळ साल. मुरबाडहून माळशेजकडे जातानाही तीच. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. तोडून फेकलेला तुकडा जिथे पडेल तिथे पुन्हा रुजतो, म्हणून तर जुन्या वैद्यांनी तिला ‘छिन्नरुहा’ म्हटले. दुसरे नाव ‘अमृता’. रावणाशी झालेल्या युद्धानंतर इंद्राने अमृताचा वर्षाव करून रामाचे वानर उठवले आणि त्यांच्या अंगावरून जिथे जिथे थेंब ओघळले तिथे तिथे ही वेल उगवली, अशी तिची जन्मकथा आहे.

अशा या वेलीला २०२० साली अचानक भाव आला. करोनाच्या त्या वर्षात आपल्यापैकी कोणाच्या घरी काढा झाला नाही? सकाळी चहाच्या आधी सुंठ, मिरे, दालचिनी, तुळस आणि गुळवेल उकळून घरातल्या आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना वाटीवाटीने पाजण्याचा नेम कित्येक घरांनी महिनोन्महिने पाळला. औषधाच्या दुकानात गुळवेलीच्या गोळ्या, रस, भुकटी यांच्या रांगा लागल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने करोनासाठी जी उपचारपद्धती जाहीर केली, तिच्यातही गुडूची घनवटीला जागा मिळाली. लस यायची होती, माणसे घाबरलेली होती, आणि हाताशी काही तरी होते. त्या काळजीपोटी केलेल्या काढ्याची आज थट्टा करण्याचे कारण नाही.

पण त्या काढ्यातला कडू तुकडा येत कुठून होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असेल. त्यातला काही भाग शहापूरच्या कातकरी वाड्यांतून येत होता.

कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. पुढे जंगल सरकारचे झाले, कात गेला आणि नाव तेवढे उरले. पावसाळ्यात परक्याच्या भातशेतीवर मजुरी आणि दिवाळी सरली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाड, असे या जमातीच्या अनेक कुटुंबांचे वर्ष विभागलेले असते. तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर वेगळा झाला. शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. मुंबईच्या इतके जवळ आणि तरी इतके दूर!

या तालुक्यातल्या दहा-बारा कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या नावाने शहापुरात वनधन केंद्र उभे राहिले. वेल तोडायची, तुकडे करायचे, आठ-दहा दिवस उन्हात वाळवायचे, दळायचे, पोत्यांत भरायचे आणि पाठवायचे, असा हा उद्योग. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने गुळवेलीची किमान आधारभूत किंमत किलोमागे २१ रुपयांवरून ४० रुपये केली. मोठमोठ्या औषधी कंपन्यांकडून मिळून सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी आल्याचे आदिवासी विकासाशी संबंधित सरकारी यंत्रणेनेच जाहीर केले. वीटभट्टीवर उचल घेऊन राबणाऱ्या समाजातल्या मुलांनी नामांकित कंपन्यांना माल पुरवावा, ही गोष्ट साधी नाही. तिचे कौतुक झाले ते योग्यच झाले.

आणि नेमक्या याच सुमारास मुंबईतल्या यकृततज्ज्ञांच्या दवाखान्यांत वेगळीच माणसे येऊ लागली. डोळे पिवळे, भूक मेलेली, अंगात त्राण नाही. कावीळ म्हणावी तर नेहमीच्या विषाणूंच्या तपासण्या कोऱ्या. दारू नाही, नवे औषध नाही. खोदून विचारल्यावर उत्तर मिळे, ‘औषध काही नाही हो, फक्त गुळवेल घेतो रोज.’ सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत दिसलेल्या अशा सहा रुग्णांची हकिगत डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली यकृतविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण ४६ दिवस गेले होते. काहींना आधीपासूनच यकृताचा जुना आजार होता, तो त्यांना ठाऊकही नव्हता. बहुतेक बरे झाले, पण काही दगावले.

जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला जोरदार हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, होती याची खात्रीच केलेली नाही. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही विषारी वेल असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा खुलासा करून दोन्ही वेली कशा ओळखाव्यात हेही सांगण्यात आले. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट, गाठीगाठींचे नसते, त्यातून दुधाळ चीक येत नाही आणि फळ गोल असते. क्रिस्पाचे खोड करडे, अंगावर फोड आल्यासारखे, चीक दुधाळ आणि फळ लांबट.

मग जे व्हायचे तेच झाले. एका बाजूला ‘आमच्या ऋषिमुनींच्या औषधाविरुद्ध कट’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘झाडपाला म्हणजे थोतांड’ म्हणणारे. वर्तमानपत्रांत, चहाच्या टपरीवर, नातेवाइकांच्या मोबाइलवर दोन्ही फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. एखाद्या वनस्पतीत औषधी गुण आहे की नाही आणि ती घेणे सुरक्षित आहे की नाही, हे ठरवायचे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशात जायला नको. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात याच गुळवेलीची परीक्षा १९८० आणि ९० च्या दशकांत फार निष्ठेने घेतली गेली. डॉ. शरदिनी डहाणूकर हे नाव मराठी वाचकांना ‘वृक्षगान’सारख्या पुस्तकांच्या लेखिका म्हणून परिचित आहे. त्या मूळच्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक. डॉ. ऊर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे, शल्यविशारद डॉ. बापट आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आयुर्वेदातल्या वनस्पती आधुनिक प्रयोगशाळेत आणल्या. या वनस्पतींची आरती किंवा टवाळी करण्यात त्यांना रस नव्हता. त्यांना तपासायचे होते.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग घरातल्या दहावीच्या मुलालाही सांगावा असा आहे. उंदरांच्या पोटात जंतू टोचून त्यांना जीवघेणा संसर्ग करण्यात आला. काहीही न दिलेले उंदीर सगळेच्या सगळे मेले. जेन्टामायसिन हे प्रतिजैविक आधी दिलेल्या उंदरांत मृत्यूचे प्रमाण ११.१ टक्के आले. आणि आधी गुळवेलीचा अर्क दिलेल्या उंदरांत १७.८ टक्के. म्हणजे गुळवेल प्रतिजैविकाच्या जवळपास पोचली! पण खरी गंमत पुढेच आहे. हाच अर्क काचेच्या भांड्यात त्याच जंतूंवर टाकला तर जंतू मरत नव्हते. मग उंदीर वाचले कसे? तपासाअंती दिसले ते असे, की जंतूंना गिळून मारणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गुळवेलीमुळे जास्त तडफेने काम करत होत्या. औषध शत्रूला मारत नव्हते, घरच्या शिपायांना जागे करत होते.

समजा, केवळ ‘जंतू मरतात का’ एवढीच चाचणी करून संशोधक थांबले असते तर? गुळवेल निरुपयोगी ठरवून फायलीत बंद झाली असती. उलट कित्येक वनस्पतींचे अर्क भांड्यात जंतू झटपट मारतात आणि माणसाच्या पोटात गेल्यावर काहीच करत नाहीत. पोटातले पाचकरस आणि यकृत त्यांचा निकाल आधीच लावतात. म्हणून ‘अमुक पाल्याने भांड्यातल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशी बातमी वाचली की लगेच तो पाला शोधायला धावू नये. भांड्यात पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात.

के.ई.एम.च्या मंडळींनी नंतर माणसांकडे वळताना घाई केली नाही. पित्तमार्ग तुंबून झालेल्या काविळीचे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने दगावतात, हा तिथल्या शल्यविभागाचा रोजचा, कटू अनुभव. अशा ३० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला नेहमीचे उपचार आणि शिवाय वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम गुळवेल. म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला एक ग्रॅमहूनही थोडी कमी. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटातल्या निम्म्या रुग्णांत रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली. गुळवेल घेतलेल्यांत एकाही रुग्णात नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले ४० टक्के वाचले, दुसऱ्यातले ९२.४ टक्के. यकृताच्या कामात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि तेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, गुळवेल ही भोळी समजूत नाही; तिच्यात काही तरी खरोखर आहे. दुसरी, हा निष्कर्ष ठरावीक आजाराच्या, रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली असलेल्या, ठरावीक मात्रा ठरावीक दिवस घेतलेल्या तीस माणसांचा आहे. धडधाकट माणसाने रोज सकाळी पेलाभर काढा वर्षभर प्यावा, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आपण मात्र पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी सोडून दिली.

वनौषधीची परीक्षा ही मुळात पायऱ्यापायऱ्यांची असते. पहिली पायरी ओळखीची. वनस्पती कोणती, कुठली, कोणत्या महिन्यातली, कोणता भाग घेतला, हे नोंदवून तिचा वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात ठेवायचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर संग्रह अशाच कामासाठी प्रसिद्ध आहे. दहा वर्षांनी कोणी शंका काढली तर तो नमुना साक्षीला उभा राहतो. ही पायरी चुकली तर वरची सगळी इमारत वाळूवर. गुळवेलीच्या वादात नेमके हेच झाले ना? माणूस आजारी पडल्यावर त्याच्या पोटात कोणती वेल गेली हे शोधत बसावे लागले.

दुसरी पायरी अर्काची. तीच वेल पाण्यात उकळली तर एक द्रव्ये उतरतात, अल्कोहोलमध्ये भिजवली तर वेगळी. आजीच्या काढ्याचा अनुभव कारखान्यातल्या अल्कोहोलच्या अर्काला जसाच्या तसा लागू होत नाही. तिसरी पायरी गुणाची, ती वर पाहिलीच. चौथी सुरक्षिततेची. प्राण्यांना आधी एकदाच मोठी मात्रा देऊन चौदा दिवस पाहायचे. आंतरराष्ट्रीय नियमावलीत ही मर्यादा सहसा वजनाच्या किलोमागे २००० मिलिग्रॅमची असते. मग २८ किंवा ९० दिवस रोज देऊन वजन, रक्त, यकृत, मूत्रपिंड यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. पेशींतल्या आनुवंशिक द्रव्याला इजा होते का, हे वेगळे पाहायचे. त्याबरोबर शिसे, पारा, आर्सेनिक, बुरशीचे विष, कीटकनाशकाचे अंश यांचीही तपासणी. ओल्या पोत्यात बुरशी धरलेली उत्तम वनस्पतीही औषध राहत नाही. शेवटी माणसांवरच्या चाचण्या, आणि औषध बाजारात गेल्यावरही चालूच राहणारी देखरेख.

या शेवटच्या देखरेखीचे महत्त्व समजायला थोडे गणित पुरे. हजारात एखाद्यालाच होणारा अपाय निदान एकदा तरी नजरेस पडावा अशी बऱ्यापैकी खात्री हवी असेल, तर सुमारे तीन हजार माणसे तपासावी लागतात. तीस जणांच्या प्रयोगात तो दिसणारच नाही, उंदरांतही बहुधा दिसणार नाही. आणि इथेच ‘हजारो वर्षांचा अनुभव’ हा आपला लाडका मुद्दाही तोकडा पडतो. अनुभव खोटा नसतो. कोणता कंद खाल्ला की उलट्या होतात, कोणत्या झाडाच्या चिकाने डोळा जातो, हे कातकरी-ठाकर बायांना पुस्तकाविना ठाऊक असते, कारण परिणाम तासाभरात समोर येतो. परंतु दीड महिन्याने, हजारांतल्या एखाद्यालाच झालेली कावीळ कोणता वैदू त्या वेलीशी जोडणार? गावात कावीळ तर दर पावसाळ्यात असतेच. शिवाय परंपरेतले गुळवेलीचे देणे कसे होते? ज्वर आला, वैद्याने नाडी पाहिली, अमुक दिवस दिले, थांबवले. कोट्यवधी निरोगी माणसांनी एकाच वेळी, न विचारता, महिनोन्महिने ती घ्यावी, हा प्रकार कोणत्याच परंपरेत नव्हता. तो २०२० चा नवा प्रयोग होता, आणि त्याची नोंदवही कोणी ठेवली नव्हती.

मुंबईच्या डॉक्टरांना या रुग्णांच्या यकृतात जे दिसले ते मोठे सूचक आहे. अनेकांची इजा अशी होती, की जणू शरीराचीच संरक्षणयंत्रणा स्वतःच्या यकृतावर उलटली आहे. आता परळच्या उंदरांची आठवण करा. घरच्या शिपायांना जागे करणारे औषध कोणाकोणाच्या घरात शिपायांना घरच्यांवरच सोडत असेल, ही शंका अगदीच अनाठायी म्हणता येईल का? तो दुवा पक्का सिद्ध व्हायचा आहे. पण गुण आणि दोष एकाच मुळातून फुटू शकतात, हे औषधशास्त्राला नवे नाही.

सर्पगंधेचेच पाहा. तिच्या मुळांचा रक्तदाबावरचा परिणाम मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर बारकाईने तपासून १९४९ साली ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकात मांडला, आणि भारतातली ही वनस्पती जगभर गेली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. पुढे काही रुग्णांत त्याने खोल औदासीन्य येते असे अहवाल येऊ लागले, तेव्हा डॉक्टर सावध झाले. म्हणून सर्पगंधा खोटी ठरली का? नाही. ती औषध ठरली. काय करते, किती द्यायची, कोणाला द्यायची नाही, हे कळले की वनस्पतीचे औषध होते. त्याआधी ती फक्त वनस्पती असते.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ हा प्रश्न आपण फार सहज विचारतो. धोतरा नैसर्गिक नाही का? कण्हेर? बिब्बा? आपल्या आयुर्वेदाने बिब्ब्यावर शोधन-संस्कार सांगितले ते त्याची भीती ओळखूनच. जे औषध काहीच अपाय करू शकत नाही, ते बहुधा काही उपायही करत नाही.

आता शहापूर-मुरबाडकडे परत यायला हवे, कारण या वादाचा सर्वात मोठा फटका ज्यांना बसू शकतो, त्यांना या चर्चेत कोणी बोलावतच नाही. मुंबईतल्या गिऱ्हाइकाला शंका आली तर तो उद्या दुसरी बाटली घेईल. कंपनी दुसरी वनस्पती शोधेल. पण वाळवणावर पसरलेली गुळवेल पडून राहिली तर कातकरी कुटुंबाला पुन्हा वीटभट्टीचा रस्ता धरावा लागेल. आणि ‘भेसळ झाली’ असे कोणी म्हटले की बोट साहजिकच सर्वात खालच्या माणसाकडे वळेल. ज्याने पहाटे उठून रानात जाऊन ती तोडली, त्याच्याकडे. प्रत्यक्षात वेल वाळून तिचे तुकडे झाले, दहा ठिकाणचा माल एका गोदामात मिसळला आणि दळला, की ती ओळखणे कोणालाच डोळ्यांनी शक्य नसते. ती ओळखण्याची शेवटची सोपी जागा म्हणजे रान. पाने अंगावर असताना, वेल झाडावर असताना. कोकणात टिनोस्पोरा सायनेन्सिस नावाची तिचीच एक बहीण आढळते, तिच्या पानांच्या पाठीवर लव असते. हा फरक रानात उभी असलेली तोडणारी बाई करू शकते, गोदामातला व्यवस्थापक नाही.

म्हणजेच या साखळीतला पहिला परीक्षक कातकरी आहे. त्याला तसे वागवायला हवे. शहापूर आणि मुरबाडच्या संकलन केंद्रांवर प्रत्येक पोत्याबरोबर गावाचे नाव, महिना आणि पानाफुलासकट वाळवलेला एक नमुना का असू नये? जवळच्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांना घेऊन वर्षातून चार वेळा जाऊन नमुने तपासावेत, नोंदी ठेवाव्यात. यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. वर्तमानपत्राचे कागद, दाबायला फळ्या आणि एक वही लागते. ज्या पोत्याची अशी कुंडली आहे त्याला किलोमागे चार पैसे जास्त मिळावेत. आज भाव वजनाला आहे, ओळखीला नाही, हे मूळ दुखणे आहे.

दुसरे, रान टिकले पाहिजे. कर्करोगावरच्या औषधांना उपयोगी पडणारे कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात असल्याचे १९७२ साली दाखवून देण्यात आले. त्यानंतर चोरट्या तोडीने या झाडाची काय दशा झाली, ते कोकण-घाटमाथ्यावरचा कोणीही सांगेल. गुळवेल छिन्नरुहा आहे खरी, पण मुळासकट ओढली तर तीही परत येत नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार गौण वनोपजावर हक्क ग्रामसभांचा आहे. किती तोडायचे, कधी तोडायचे आणि किती राखायचे, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच असायला हवा.

तिसरे सरकारसाठी. ग्रंथोक्त औषधांना परवाना देताना नव्याने चाचणी मागितली जात नाही, ही आपल्या नियमांची जुनी सवलत आहे. ग्रंथांत सांगितलेल्या पद्धतीने, वैद्याच्या देखरेखीखाली देण्यापुरती ती समजण्यासारखी आहे. परंतु तेच औषध ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून घराघरांत रोज घेण्यासाठी विकायचे, तर त्याला तेवढ्याच मोठ्या प्रमाणावरची परीक्षा द्यायला लावली पाहिजे. आयुषच्या औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याची यंत्रणा कागदावर आहे. पण किती वैद्यांना, किती दुकानदारांना आणि आपल्यापैकी कितीजणांना ती ठाऊक आहे? आणि अपाय सांगणाऱ्या डॉक्टरवर तुटून पडण्याची सवय तर मंत्रालयापासून आपल्या सोसायटीच्या पारावरच्या मंडळींपर्यंत सगळ्यांनीच सोडायला हवी. सहा रुग्णांची हकिगत लिहिणाऱ्यांनी आयुर्वेदाचा अपमान केलेला नाही. डहाणूकर-थत्ते यांनी जे काम सुरू केले, त्याच वहीचे पुढचे पान त्यांनी लिहिले आहे.

उरलो आपण, घरी काढा करणारे. गुळवेल घरातून हद्दपार करा असे सांगण्याचा हेतू नाही. पण ती घ्यायची तर वैद्याला विचारून, कशासाठी आणि किती दिवस हे ठरवून घ्यावी. ज्यांना यकृताचा आजार आहे, मधुमेह आहे, थायरॉइडचा किंवा संधिवाताचा असा विकार आहे ज्यात शरीर स्वतःवरच उलटते, त्यांनी आपल्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. घेत असताना भूक गेली, लघवी गडद झाली, डोळ्यांत पिवळेपणा आला तर त्याच दिवशी थांबवावी, रक्त तपासावे आणि राहिलेली वेल किंवा बाटली फेकून न देता डॉक्टरांकडे न्यावी. आणि डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ असे विचारले की ‘काही नाही, आयुर्वेदिकच’ असे उत्तर देऊ नये. आयुर्वेदिक औषध हे ‘काही नाही’ नव्हे. तसे म्हणण्यात त्या शास्त्राचा सन्मान तर नाहीच.

आपण सोने घेताना कस लावून घेतो, आणि सोनाराला त्यात अपमान वाटत नाही. नाणे खणखणीत आहे हे वाजवूनच कळते. मग ज्या वेलीला आपण अमृत म्हणतो, तिची परीक्षा घ्यायची म्हटली की आपल्या श्रद्धेला धक्का का बसावा? परळच्या प्रयोगशाळेत गुळवेल एकदा परीक्षेला बसली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. आता पुढची, अधिक कठीण इयत्ता आहे. तिचा निकाल काहीही लागो, तो प्रामाणिकपणे लावण्याची जबाबदारी प्रयोगशाळेची, सरकारची आणि कंपन्यांची आहे. शहापूरच्या वाडीवर वाळवणाला बसलेल्या बाईची नाही. तिने तिची वेल नीट ओळखून दिलेली आहे. पुढे ती नीट तपासली जावी आणि तिच्या मेहनतीचा पैसा खऱ्या औषधाचा असावा, एवढी अपेक्षा तिने आपल्याकडून का करू नये?